कवटीचा तळ कुणाच्या सातबाऱ्यावर?

पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरकांच्या ग्रंथीची, गाठ नाकातून काढायची असेल तर ती कुणी काढावी, न्यूरोसर्जनने की कान-नाक-घशाच्या सर्जनने? हा प्रश्न वैद्यकीय परिषदांत, रुग्णालयांच्या बैठकांत आणि हल्ली रुग्णांच्या नातेवाइकांच्या बोलण्यातही सारखा येतो. वाद मात्र घातला जातो तो शेताच्या बांधावरून घालावा तसा. एक बाजू म्हणते, मेंदू आमचा, म्हणून त्याच्या खालचं हाडही आमचं. दुसरी म्हणते, वाट नाकातून जाते, सायनस आमचे, दुर्बीण आमची; तुम्ही तर परवापरवापर्यंत कवटी उघडून वरून येत होता. मग दोघंही इतिहासाचे उतारे काढून दाखवतात. एकाच्या उताऱ्यावर कुशिंग, गियो आणि हार्डी यांची नावं, दुसऱ्याच्या उताऱ्यावर हिर्श, हाउस आणि मेसरक्लिंगर यांची. दोन्ही उतारे खरे आहेत, पण अर्धे. प्रत्येकाने दुसऱ्याची पानं फाडून ठेवलेली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकणं बरं. ही शस्त्रक्रिया ज्या ज्या वेळी पुढे सरकली, त्या त्या वेळी कुणीतरी बांध ओलांडला होता आणि आपल्या अपयशांची मोजदाद करून ती जगासमोर ठेवली होती. ज्या ज्या वेळी ती अडली, त्या वेळी बांध राखला जात होता किंवा मोजदाद थांबली होती. त्यामुळे मालक शोधण्यात अर्थ नाही. टेबलाभोवती कोण कोण उभं आहे आणि त्यांनी आपले निकाल मोजले आहेत का, एवढंच विचारायला हवं.

हा वाद मुळात का उद्भवतो, ते जागेच्या रचनेतच दिसतं. वरच्या मजल्याची जमीन ती खालच्या मजल्याचं छत. मेंदू ज्या हाडांवर टेकलेला असतो, तीच हाडं नाकाचं, सायनसांचं आणि डोळ्यांच्या खोबणीचं छत असतात. मागे याच तळात कानाचं हाड पाचरीसारखं बसलेलं असतं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बाराच्या बारा जोड्या, मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या आणि मेंदूतून परतणाऱ्या मोठ्या शिरा याच तळातल्या भोकांतून ये-जा करतात. मधोमध स्फेनॉइड हाडाच्या खोलगटीत पिट्युटरी ग्रंथी बसलेली, तिच्या दोन्ही अंगांना कॅरोटिड आणि डोक्यावर दृष्टीच्या नसांची फुली. वरचा मजला निर्जंतुक, खालच्या मजल्यावर जंतूंचा कायमचा मुक्काम. मधल्या छताला भोक पडलं की मेंदूभोवतीचं पाणी नाकात ठिबकू लागतं. हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतं, म्हणून गळती आपोआप आटेलच याचा भरवसा नाही. ज्या वाटेने पाणी खाली येतं त्याच वाटेने जंतू वर जातात आणि मेंदूज्वर होतो. कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा गाठीपर्यंत पोहोचण्याचा जितका आहे, तितकाच हे भोक बुजवण्याचा आहे. वाद घालणाऱ्यांना पहिला अर्धा भाग पाठ असतो.

पिट्युटरीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दावे तिच्यावरच सांगितले जातात. लंडनला व्हिक्टर हॉर्स्लीने १८८९ मध्ये कवटी उघडून वरून या ग्रंथीपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. व्हेनिसच्या दावीदे जोर्दानोने १८९७ मध्ये मृतदेहांवर अभ्यास करून सांगितलं की खालून, नाकाच्या मुळापासून वाट आहे. ती प्रत्यक्ष रुग्णावर वापरली हर्मान श्लोफरने, १६ मार्च १९०७ रोजी, इन्सब्रुकमध्ये. तो ना न्यूरोसर्जन होता ना नाकाचा तज्ज्ञ; सामान्य शस्त्रक्रिया करणारा होता. त्याने बाजूने छेद देऊन अख्खं नाक एका अंगाला वळवलं. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला, पण अडीच महिन्यांनी दगावला. गाठीचा मोठा भाग वर तसाच राहिला होता. तीन वर्षांनी व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शने, तो नाकाचाच डॉक्टर, नाकाच्या मधल्या पडद्याची त्वचा सोलून तिच्या आतून, कोकेनच्या स्थानिक भुलीखाली तीच ग्रंथी गाठली आणि चेहऱ्यावर व्रण ठेवला नाही. त्याच वर्षी शिकागोच्या ॲल्बर्ट हॉलस्टेडने वरच्या ओठाखालून छेद घेतला. अमेरिकेचा न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग याने या सगळ्यांचं चांगलं ते उचललं: ओठाखालचा छेद एकाचा, पडद्याच्या आतली वाट दुसऱ्याची. १९१० ते १९२५ या काळात त्याने २३१ गाठी अशा काढल्या आणि मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के राखलं. प्रतिजैविकं नव्हती, उजेड कपाळावरच्या दिव्याचा. हे आकडे आजही थक्क करतात.

आणि मग कुशिंगने ही वाट सोडली. विसाच्या दशकाअखेर तो वरून, कवटी उघडूनच जाऊ लागला. त्या वाटेनेही मृत्यू ४.५ टक्क्यांवर आला होता. अरुंद बोगद्याच्या टोकाला धूसर उजेडात वर चढलेली गाठ दिसत नाही, दृष्टीच्या नसा मोकळ्या झाल्या की नाही ते डोळ्यांनी पाहता येत नाही, राहिलेली गाठ पुन्हा वाढते, ही त्याची कारणं. त्याच्या हिशोबाने निर्णय बरोबर होता, हे मान्य करायलाच हवं. चुकलं ते त्याच्या मागून येणाऱ्यांचं. त्यांनी कुशिंगचा निष्कर्ष घेतला, हिशोब करण्याची सवय घेतली नाही. पेनिसिलिन आलं, उजेड सुधारला, तरी तीसेक वर्षं बहुतेकांनी ते दार बंदच ठेवलं. ते पूर्ण लागलं नाही, कारण दोघांनी त्यात पाय अडकवून ठेवला होता. एक हिर्श, ज्याला १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडावं लागलं आणि ज्याने बॉस्टनमध्ये काम चालू ठेवलं. दुसरा एडिंबराचा नॉर्मन डॉट, कुशिंगचाच शिष्य, ज्याने गुरूने टाकलेली वाट टाकली नाही आणि नाकात घालायच्या स्पेक्युलमच्या टोकालाच दिवे बसवले. पॅरिसचा जेरार गियो १९५६ मध्ये डॉटकडे जाऊन ते पाहून आला; त्याने शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांच्या पडद्यावर अवजाराचं टोक पाहायची सोय जोडली. गियोचा शिष्य ज्यूल हार्डी याने साठच्या दशकात माँट्रियलमध्ये त्यात सूक्ष्मदर्शक आणला आणि निरोगी ग्रंथी जागेवर ठेवून काही मिलिमीटरची गाठ वेगळी काढता येते, हे दाखवलं. आता सांगा, ही मालमत्ता कुणाची? साध्या सर्जनकडून नाकवाल्याकडे, तिथून मेंदूवाल्याकडे, त्याने टाकली तेव्हा पुन्हा नाकवाल्याने सांभाळली. एकाच बाजूचा उतारा वाचला तर मधली तीस वर्षं कोरीच दिसतील.

श्रवणाच्या नसेवरच्या गाठीची, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमाची कहाणी याहून कठोर आहे. चार्ल्स बॅलन्सने १८९४ मध्ये लंडनला अशी एक गाठ काढली. मेंदूचा देठ आणि गाठ यांच्यामध्ये बोट घालून ती सोडवावी लागली. बाई जगली, पण चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, त्या बाजूची संवेदना गेली, आणि झाकला न जाणारा, बधिर झालेला डोळा शेवटी काढावा लागला. (ती गाठ खरोखर श्रवणनसेचीच होती की मेंदूच्या आवरणाची, यावर इतिहासकारांत अजून मतभेद आहेत.) बोटाने गाठ उपटण्याच्या या पद्धतीचा हिशोब १९१३ पर्यंत पुढे आला तेव्हा युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या सर्जनांकडचे मृत्यू दोन तृतीयांशांपासून ऐंशी टक्क्यांच्या वर होते. कुशिंगने १९१७ मध्ये सांगितलं की गाठीचं कवच जागेवर ठेवा, आतला गर तेवढा पोखरून काढा. त्याच्या हातून होणारे मृत्यू पुढे ४ टक्क्यांच्या आसपास आले. पण ठेवलेलं कवच पुन्हा भरायचं आणि रुग्ण काही वर्षांनी त्याच व्याधीने परत यायचा. दुसरा अमेरिकन न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी याने उलट बाजू घेतली: आधी गर काढा, मग कवचही सोलून काढा, गाठ पूर्ण जायला हवी. गाठ जायची, बरोबर चेहऱ्याची नसही जायची. १९२२ पासून या दोघांत जे वितुष्ट आलं ते गाजलं. पण मृत्यूंचं एक मोठं कारण दोघांपैकी कुणालाच नीट सापडलं नव्हतं. ते १९४९ मध्ये ॲटकिन्सनने दाखवलं: गाठीवरून वळसा घेऊन जाणारी एक बारीक धमनी सोलताना तुटली की मेंदूच्या देठाचा तेवढा भाग मरतो. थोरांच्या भांडणाने जे उलगडलं नाही, ते एका रक्तवाहिनीचा माग काढल्याने उलगडलं.

चेहऱ्याची नस वाचवण्याची गुरुकिल्ली मात्र न्यूरोसर्जरीच्या घरात नव्हतीच. ती कानाच्या हाडात होती. लॉस एंजेलिसचा विल्यम हाउस कानाचा सर्जन. त्याआधी दंतवैद्यकही शिकलेला. बारीक ड्रिल आणि सूक्ष्मदर्शक हातात घेऊन त्याने १९६१ मध्ये कानाच्या वरून आणि १९६४ पर्यंत थेट कानाच्या हाडातून, आतला कान पोखरून, श्रवणाची नस जिच्यातून जाते त्या हाडातल्या नलिकेच्या टोकापर्यंत जाण्याची वाट बसवली. त्या टोकाला हाडाची एक उभी, अगदी पातळ भिंत असते. तिच्या पुढच्या बाजूला चेहऱ्याची नस, मागच्या बाजूला तोल सांभाळणारी. गाठीने नसा कितीही चेपल्या-पसरवल्या तरी इथे, तिच्या पलीकडच्या कडेला, त्या आपापल्या जागी असतात. म्हणजे नस आधी शोधायची आणि मग गाठ सोलायची. डँडीच्या काळी गाठ सोलता सोलता नस शोधावी लागे. त्या हाडाला आजही हाउसच्या ‘बिल’ (विल्यम) या नावावरून ‘बिल्स बार’ म्हणतात. कानाचा डॉक्टर मेंदूच्या देठापाशी कसा जातो, म्हणून न्यूरोसर्जनांकडून त्याला कडाडून विरोध झाला. त्याच्याबरोबर काम करायला उभा राहिला तो मात्र एक न्यूरोसर्जनच, विल्यम हिट्सेलबर्गर. एक गोष्ट न्यूरोसर्जनांच्या बाजूनेही नोंदवायला हवी: मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा वापरला तो थिओडोर कर्झ या न्यूरोसर्जनने, १९५७ मध्ये, त्याच शहरात. पण ते यंत्र तोवर कानवाल्यांचं होतं. स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ नायलेनने ते १९२१ मध्येच कानासाठी वापरलं होतं. छत्तीस वर्षं एक उपयुक्त वस्तू शेजारच्या खोलीत पडून राहिली. बांध राखण्याची किंमत अशी मोजावी लागते.

हाउसने आणखी एक काम केलं, ज्याची चर्चा कमी होते. १९८५ मध्ये त्याने ब्रॅकमनबरोबर चेहऱ्याच्या लुळेपणाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी पक्की केली. पहिली पायरी म्हणजे निरोगी चेहरा, सहावी म्हणजे काहीच हालचाल नाही. तोपर्यंत कोणताही सर्जन ‘चेहरा बरा आहे’ एवढंच लिहून मोकळा होऊ शकत होता. डोळा पूर्ण मिटतो की नाही, हे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतलं अंतर; रुग्णाच्या दृष्टीने ते अंतर म्हणजे डोळा राहणं आणि जाणं यातला फरक. मोजपट्टी आल्यावर दोन पद्धतींची तुलना शक्य झाली.

‘हे सगळं यंत्रांनी केलं, डॉक्टरांच्या भांडणाशी काय देणंघेणं?’ असंही बरेच जण म्हणतात. हा युक्तिवाद मला सर्वांत दिशाभूल करणारा वाटतो, कारण तो दिसायला शहाणा आहे. दुर्बिणीचंच घ्या. गियोने १९६३ मध्ये पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण घालून पाहिली आणि चित्र चांगलं दिसेना म्हणून बाजूला ठेवली. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्सने काचेच्या लांब कांड्यांचं भिंग शोधल्यावर चित्र लख्ख झालं. पण ग्राट्सच्या मेसरक्लिंगरने ती दुर्बीण नाकाच्या सायनसांसाठी वापरली आणि पुढची वीसेक वर्षं ती तिथेच राहिली. फ्रान्समधल्या जाँकोव्स्कीने १९९२ मध्ये तीन रुग्णांत फक्त दुर्बिणीने पिट्युटरी गाठली. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या हे-डोंग जो आणि रिकार्डो कराऊ यांनी पन्नास रुग्णांचा अनुभव मांडला. हे-डोंग जो हा न्यूरोसर्जन, कराऊ कान-नाक-घशाचा. यंत्र तयार होतं, दोन माणसं एकत्र यायची होती.

ती आली तरी काम संपलं नव्हतं. पिट्सबर्गमध्येच कासम, स्नायडरमन आणि कराऊ यांनी हीच वाट पिट्युटरीच्या पलीकडे नेली: पुढे कपाळाच्या तळापर्यंत, खाली मणक्याच्या पहिल्या सांध्यापर्यंत. गाठी निघू लागल्या, पण भोकं मोठी झाली. चरबी आणि मांडीच्या फॅशियाचे (स्नायूंवरच्या चिवट आवरणाचे) तुकडे, सगळे रक्तपुरवठा नसलेले, टिकेनात. सुरुवातीच्या मोठ्या शस्त्रक्रियांत पाणी गळण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर होतं. पाचातला एक रुग्ण गळत असेल तर उत्तमोत्तम कॅमेरा काय कामाचा? त्या वेळी ही वाटही कुशिंगच्या वाटेसारखीच सोडली गेली असती, असं मला मनापासून वाटतं. ती वाचली २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांच्या फ्लॅपमुळे: नाकाच्या पडद्यावरची त्वचा सोलायची, पण मागच्या बाजूला तिची धमनी जोडलेलीच ठेवायची आणि ती जिवंत त्वचा वळवून भोकावर बसवायची. गळती पाच टक्क्यांच्या आसपास आली. यात नवं यंत्र काहीच नव्हतं.

आणि तत्त्वही नवं नव्हतं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवाल्याला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने नवं नाक बसवून दिलं होतं आणि मुंबईच्या दोन इंग्रज सर्जनांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कपाळावरची त्वचा मेणाच्या साच्याबरहुकूम कापायची, भुवयांच्या मधला देठ तोडायचा नाही, त्वचा फिरवून खाली बसवायची. देठातून रक्त येतं म्हणून त्वचा जगते. लंडनच्या कार्प्यूने ते १८१४ मध्ये तिकडे करून पाहिलं. पुण्याच्या त्या माणसाचं नावसुद्धा नोंदलेलं नाही, आणि वैद्यांच्या कोणत्याही पोथीत त्याचा अधिकार लिहिलेला नसणार. हदादच्या फ्लॅपचा देठ कपाळाऐवजी नाकाच्या मागच्या टोकाला आहे, एवढाच फरक. ज्यांना ‘हे काम कुणाच्या अधिकारात येतं’ हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, त्यांनी त्या पत्राचा विचार जरूर करावा.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला: दोन घरचा पाहुणा उपाशी. दोघांनी मिळून शस्त्रक्रिया केली की रात्री दोन वाजता नाकातून रक्त आलं तर न्यूरोवाले म्हणतात नाकवाल्यांना बोलवा, नाकवाले म्हणतात रुग्ण न्यूरोच्या वॉर्डात आहे. जबाबदारी एकाचीच हवी. मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच की जबाबदारी आधी नावानिशी ठरवा. संमतिपत्रावर मुख्य सर्जन एकच असावा; रक्तस्रावाला कोण धावेल, गळतीला कोण, संप्रेरकं कोण पाहील, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी केसपेपरवर लिहिलेलं असावं. एकटा सर्जन असला की जबाबदारी आपोआप निभावली जाते, असं कुठे आहे? पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी नाकातून जो मोठा रक्तस्राव होतो, तो बहुधा नाकाला रक्त देणाऱ्या स्फेनोपॅलाटाइन धमनीच्या फांदीतून. ती शोधून शेकायची कला न्यूरोच्या प्रशिक्षणात सहसा शिकवली जात नाही. उलट, गाठीच्या जागी रक्त साकळून काही तासांत दृष्टी गेली, किंवा मेंदूत पाणी साठलं, तर लागणारे हात नाकवाल्याकडे नाहीत. हा दुसरा मुद्दा, आणि तोही खरा: जो कवटी उघडू शकत नाही त्याने एकट्याने ड्यूरा, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, उघडू नये.

तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे. एकच सर्जन दोन्ही कौशल्यं शिकू शकतो. जगभर असे उत्तम सर्जन आहेत. मग दुसऱ्याची गरज काय? शिकू शकतो, यात वाद नाही. पण कौशल्यं दोन झाली तरी हात दोनच राहतात. दुर्बीण धरण्यात एक हात गेला की उरलेल्या एका हाताने सक्शनही करायचं आणि गाठही सोलायची. म्हणून पडद्याचा मागचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर भाग काढून दोन्ही नाकपुड्यांतून चार हात आत नेण्याची पद्धत आली. चार हातांची खरी किंमत कॅरोटिड फुटल्यावर कळते. स्फेनॉइडच्या आतले हाडाचे पडदे पुष्कळदा कॅरोटिडच्या भिंतीलाच चिकटलेले असतात. ते पकडीने पिरगळून ओढले की हाडाबरोबर रक्तवाहिनी फाटते, म्हणून ते ड्रिलने घासून किंवा कातरून काढायचे असतात. फाटलीच तर काही सेकंदांत भिंग लाल होऊन दिसणं बंद होतं. त्या क्षणी एकाने दुर्बीण रक्ताच्या झोतापासून बाजूला ठेवून चित्र जिवंत ठेवायचं, दुसऱ्याने दोन जाड सक्शन घेऊन झोत वळवायचा, मांडीतून घेतलेला स्नायूचा तुकडा ठेचून भोकावर दाबून धरायचा आणि काही मिनिटं हलवायचा नाही. रक्तदाब फार पाडायचा नाही, नाहीतर त्या बाजूच्या मेंदूला रक्त पोचत नाही. रक्त थांबलं तरी रुग्णाला तिथूनच अँजिओग्राफीला न्यायचं, कारण फाटलेल्या जागी फुगा धरण्याचा धोका असतो. ॲडलेडच्या व्हॅलेंटाइन आणि वर्मल्ड यांनी मेंढ्यांवर हाच प्रसंग घडवून स्नायूच्या तुकड्याची परीक्षा घेतली आणि सर्जनांच्या जोड्यांना त्याची तालीम दिली. हे दोन हातांनी होण्यासारखं काम नाही.

मात्र ‘आम्ही दोघं मिळून करतो’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा: दोघं म्हणजे कसे? एक दार उघडून देणार, चहाला जाणार, दुसरा गाठ काढणार, आणि बुजवायला पुन्हा पहिल्याला हाक, ही पद्धत सर्रास दिसते आणि ती धोक्याची आहे. फ्लॅपचा देठ स्फेनॉइडचं तोंड आणि नाकाचं मागचं दार यांच्यामधल्या अरुंद पट्टीतून जातो. तोंड मोठं करताना ती पट्टी कापली गेली तर फ्लॅप मेला. म्हणून गळती होण्याची शक्यता असेल तर फ्लॅप आधी सोलायचा किंवा निदान देठ आधी वाचवायचा, आणि गळती होईल का याचा अंदाज गाठ पाहणाऱ्यालाच असतो. वरचा छेद वास घेणाऱ्या त्वचेला धक्का न लावता एक-दीड सेंटिमीटर खाली ठेवायचा. फ्लॅप बसवण्याआधी खालची त्वचा खरवडून हाड उघडं करायचं, नाहीतर आत कोंडलेली त्वचा स्राव साठवत राहते आणि वर्षांनी तिथे फुगा होतो. गाठ काढतानाही क्रम असतो: आधी खालचा आणि बाजूचा भाग, वरचा शेवटी, नाहीतर वरचा पडदा लवकर खाली उतरतो आणि कोपऱ्यातली गाठ झाकली जाते. हे सगळं दोघांनाही ठाऊक हवं, आणि दोघंही सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेबलाशी हवेत.

संघही चुकतो, हे इतिहासात ठळकपणे लिहिलेलं आहे. कॅव्हर्नस सायनस ही पिट्युटरीच्या शेजारची शिरांची जाळी, जिच्यातून कॅरोटिड आणि डोळा हलवणाऱ्या नसा जातात. १९६५ मध्ये विनिपेगच्या पार्किन्सनने, १९८३ मध्ये ल्युब्लियानाच्या डोलेंकने तिथे थेट शिरता येतं, हे दाखवलं. फिशचा कानाखालचा मार्ग, कावासेचा कानाच्या हाडाच्या टोकातला मार्ग, अशी दारामागून दारं उघडत गेली आणि अत्यंत कुशल संघांनी मोठमोठ्या गाठी मुळापासून काढल्या. पण रुग्णांचे डोळे हलेनासे झाले, दोन-दोन दिसू लागलं, गिळता येईना, आणि गाठी तरीही काही जणांत परतल्या. मोजदाद पुढे आली तेव्हा बहुतेक संघांनी स्वतःहून हात आखडता घेतला. कॅव्हर्नस सायनसमधला भाग ठेवायचा आणि त्यावर किरणांचा अचूक मारा करायचा. लार्स लेक्सेलने स्टॉकहोममध्ये १९६८ पासून गॅमा नाइफ हे त्यासाठीचं यंत्र वापरात आणलेलं होतंच. श्रवणनसेच्या गाठीतही आज चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला पापुद्रा मुद्दाम ठेवला जातो. लहान गाठ असेल तर नुसतं एमआरआय काढत लक्ष ठेवलं जातं. डँडीकडून गाडी पुन्हा कुशिंगच्या दिशेने आली, असं म्हणता येईल, फरक इतकाच की आता राहिलेल्या भागाचं काय करायचं ते ठाऊक आहे. सर्जनच नसलेला किरणोपचार तज्ज्ञ या टेबलावर हवा, हे कोणत्या सातबाऱ्यावर लिहिणार?

चौथा मुद्दा आपल्याकडचा. जिल्ह्याच्या गावी दोन-दोन, तीन-तीन तज्ज्ञ कुठून आणायचे? नाहीच आणता येणार, आणि आणूही नयेत. ज्या गाठीला महिन्याची सवड आहे तिचा रुग्ण जिथे हे काम दर आठवड्याला होतं तिथे पाठवणं हाच योग्य उपचार. अपवाद गाठीत अचानक रक्तस्राव होण्याचा: डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलट्या, दृष्टी घसरणं. तिथे गावच्या डॉक्टरने करायचं ते दोन तज्ज्ञांवाचून होतं: संशय येताच, स्कॅनची वाट न पाहता, १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यायचं आणि मग गाडी मागवायची. कॉर्टिसोल हे जगण्याला लागणारं संप्रेरक संपल्यामुळे होणारा मृत्यू गाडीत थांबवता येत नाही. आणि साधनं कमी असली तरी बांध ओलांडता येतो, हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिलं. कोविडनंतर म्युकरमायकोसिस आला, मधुमेह आणि स्टेरॉइडच्या आधाराने. देशभरात चाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये. बुरशी नाकातून सायनसात, तिथून डोळ्यात, टाळूत आणि कवटीच्या तळात शिरत होती. तिला विभागांच्या हद्दी माहीत नव्हत्या. कान-नाक-घशाचे, नेत्रविभागाचे, जबड्याचे आणि मेंदूचे सर्जन एकाच रुग्णाच्या डोक्याशी उभे राहिले, आणि ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या कुप्या वाटून घ्याव्या लागल्या. लाट ओसरल्यावर आपण पुन्हा बांधावर येऊन बसलो, याचं मला वाईट वाटतं.

मग मागायचं काय? रुग्णालयाने वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, त्यात गळती किती, मेंदूज्वर किती, दृष्टी कितींची सुधारली आणि कितींची गेली, हे आकडे जाहीर करावेत. रुग्णाने ते विचारले तर कुणी रागावू नये. कानाच्या हाडाचं ड्रिलिंग आणि नाकाच्या दुर्बिणीचं काम न्यूरोच्या आणि कान-नाक-घशाच्या निवासी डॉक्टरांनी शवविच्छेदनाच्या प्रयोगशाळेत एकत्र शिकावं, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या विभागात नव्हे. आणि घरी सोडतानाच्या कार्डावर एक ओळ सक्तीची असावी. पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सातव्या दिवशी, टाके आणि नाक दोन्ही बरे दिसत असताना, काही रुग्णांचं सोडियम झपाट्याने उतरतं: मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, आणि दुर्लक्ष झालं तर झटके. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि घरचे त्याला अशक्तपणा समजून भरपूर पाणी पाजत असतात, ज्याने सोडियम आणखी पडतं. कार्डावर सातव्या दिवसाची तारीख, ‘सोडियम तपासा’ हे दोन शब्द आणि फोन उचलणाऱ्या एकाच डॉक्टरचा नंबर असावा, मग तो कोणत्याही विभागाचा असो.